जागा बघावी ती सुकतीला

खाडीकाठी वाढलेल्या माणसाला घड्याळ आणि पंचांग या दोन वेगळ्या वस्तू वाटत नाहीत. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, हा हिशेब आमच्या लहानपणी पाढ्यांच्या बरोबरीने पाठ होत असे. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. हा आडाखा मुंबईच्या पाण्याचा. किनाऱ्याने दक्षिणेकडे जावे तशी भरती थोडी आधी येते आणि खाडीत आत शिरावे तशी उशिरा पोचते. पण मासळीचा बाजार, तरीची वेळ, पाहुण्यांचे येणे-जाणे एवढे ठरवायला तो पुरेसा होता. रोज सुमारे पन्नास मिनिटे उशीर करणारे हे पाणी आजवर कोणासाठी थांबलेले नाही, आणि त्याची कोणी तक्रारही केलेली ऐकिवात नाही.

अलीकडे मात्र पाण्याबद्दल विचारणारी माणसे वेगळी आहेत. पुण्या-मुंबईला नोकरी करून गावाकडे परतलेली, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणारी, त्यांना खाडीत फिरवायला एक बोट असावी म्हणणारी. किंवा बापाच्या लाकडी होडीऐवजी मोठी फायबरची बोट घ्यायला निघालेली कोळ्यांची, खारव्यांची, गाबितांची मुले. मी बँकेतून निवृत्त झालो, आता कादंबऱ्या लिहितो; पण गावाच्या दृष्टीने माणूस एकदा बँकेत होता की तो कायमचाच बँकेत असतो. त्यामुळे ही मुले माझ्याकडे येतात. इंजिन किती ताकदीचे घ्यावे, व्याज किती पडेल, विमा कुठे उतरवावा, हे सगळे विचारतात. सगळे विचारून झाले की मी एकच प्रश्न उलट विचारतो : ‘‘बोट ठेवणार कुठे?’’

‘‘ठेवायला काय, खाडी आहे की!’’ हे उत्तर इतक्यांदा ऐकले आहे, की आज त्याच्यावरच लिहावे असे वाटले. मोटार घेणारा माणूस ती लावायला जागा शोधतो. पण मोटारीखालची जमीन दिवसातून दोनदा निघून जात नाही. बोटीखालचे पाणी जाते.

दुपारचे पाणी फसवे

शहरातून आलेला माणूस खाडी बघायला येतो तो बहुधा सुट्टीच्या दिवशी, सकाळी निघून दुपारपर्यंत. त्या दिवशी पौर्णिमा असली तर त्याला दुपारी खाडी काठोकाठ भरलेली दिसते. माडांच्या मुळाशी पाणी लागलेले असते, समोरून एखादी होडी येत असते, आणि तो म्हणतो, इथेच. तोच माणूस संध्याकाळी सहापर्यंत थांबला असता तर त्याच ठिकाणी त्याला चिखल दिसला असता. त्यात कलंडलेल्या दोन होड्या आणि चिखलातून शिंपल्या वेचणाऱ्या बायका.

‘‘बरं, मग ओहोटीला येऊन बघतो,’’ असे म्हणणारा त्याहून शहाणा खरा, पण अर्धाच. कारण ओहोटी-ओहोटीतही फरक आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका ओळीत येऊन पाणी ओढतात. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकांना आडवी जाते; पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. किनाऱ्यावर याला भांग म्हणतात.

आता गंमत बघा. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. आपला शहाणा माणूस नेमका त्याच दुपारी येतो, ओहोटीची वेळ साधल्याच्या समाधानात दोरीला शिसे बांधून पाण्यात सोडतो, आणि त्याला भरपूर पाणी लागते. तो खूश होऊन जातो. पंधरवड्यातली सगळ्यांत उदार ओहोटी आपण मोजली, हे त्याच्या गावीही नसते.

हा फरक किती असतो? मुंबईला अपोलो बंदराच्या पाण्याच्या पातळीची नोंद १८७८ पासून ठेवलेली आहे. तिथे उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी ४.४२ मीटर आणि ओहोटीची ०.७६ मीटर धरतात. भांगाची भरती ३.३० आणि ओहोटी १.८६. म्हणजे नुसत्या दोन ओहोट्यांमध्ये एक मीटर दहा सेंटिमीटरचा फरक. हे आकडे मोजायचे कुठून, तर सर्वांत खालच्या ओहोटीच्या आसपास मानलेल्या एका शून्यापासून. समुद्राच्या नकाशात लिहिलेली खोलीही त्याच शून्याखालची. हिंदुस्थानच्या किनाऱ्यासाठी हा शून्य काढण्याची रीत जॉर्ज डार्विन या गणितज्ञाने बसवली. उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचा हा मुलगा. बापाने माणसाचे मूळ शोधले, मुलाने ओहोटीचा तळ.

एक उदाहरण घेऊ. मुंबईजवळच्या एखाद्या जागी अष्टमीच्या दुपारी दोरीला अडीच मीटर पाणी लागले. त्यातून भांगाच्या ओहोटीचे १.८६ वजा केले, की शून्याखाली उरते ०.६४ मीटर. हीच त्या जागेची खरी शिल्लक, बाकीचे येणे-जाणे. पौर्णिमेच्या ओहोटीला तिथे ०.६४ अधिक ०.७६, म्हणजे १.४० मीटर पाणी राहील. बोटीला १.२० मीटर पाणी लागत असेल तर खाली उरली वीतभर जागा. आणि वर्षाच्या तक्त्यात ओहोटीचा आकडा ०.२० लिहिलेला असेल त्या दिवशी पाणी ०.८४ मीटर. बोट छत्तीस सेंटिमीटर चिखलात. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी हे तक्ते छापतो. ते पुस्तक बघताना सगळे लोक भरतीचे मोठे आकडे बघतात. बोटवाल्याने वर्षभरातले सगळ्यांत छोटे आकडे शोधावेत. बँकेत आम्ही खातेदाराची पत त्याच्या सणासुदीच्या शिलकेवरून ठरवत नसू. महिनाअखेरीला खात्यात किती उरते ते बघत असू. पाण्याचेही तेच.

आणखी एक. बोट बांधणारा जो आकडा सांगतो तो बहुतेक वेळा रिकाम्या बोटीचा असतो. त्यात डिझेल, बर्फ, गोडे पाणी, जाळी आणि आठ माणसे चढली की ती खाली बसते. मासळी भरून आली की आणखी. शिवाय हवेचाही हात असतो. वारा जमिनीकडून सतत सुटला किंवा हवेचा दाब चढला की तक्त्यात लिहिले आहे त्यापेक्षाही पाणी खाली जाते. म्हणून भरल्या बोटीला लागेल त्याहून निदान दोन वीत पाणी जास्त असावे. बोट तळाला टेकत नाही एवढ्याने भागत नाही. इंजिन थंड ठेवायला बाहेरचे पाणी ओढले जाते; खाली वीतभरच अंतर असेल तर पाण्याबरोबर गाळही ओढला जातो.

एक फूट, दोन फूट, तीन फूट

पाणी किती उतरते याइतकेच ते कसे उतरते हे महत्त्वाचे. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. पण दर तासाला पाणी सारखे उतरत नाही. दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब असा : एकूण उताराचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मुंबईच्या सरासरी उधाणाला हा हिशेब फुटांत अगदी बरोबर बसतो, कारण तिथला उतार बारा फुटांचाच आहे. म्हणजे पहिल्या तासात एकच फूट पाणी गेलेले बघून माणूस चहाला जातो, आणि मधल्या दोन तासांत सहा फूट पाणी निघून जाते. परत येतो तेव्हा बोट धक्क्याला टांगलेली असते.

‘टांगलेली’ हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. पक्क्या धक्क्याला आखूड दोरीने बोट बांधली आणि पाणी खाली गेले, तर बोट खरोखर दोरीवर लोंबते. एक तर दोरी तुटते, नाहीतर बांधायचा खुंट उपटतो. म्हणून दोर लांब आणि तिरपे बांधावे लागतात. जुन्या धक्क्यांना पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या असतात त्या याचसाठी. कोणत्याही पाण्याला बोटीतून कुठल्या तरी पायरीवर पाय ठेवता यावा. हल्ली पाण्याबरोबर वर-खाली होणारे तरंगते धक्के आले आहेत. त्यांनी ही दोरीची कटकट जाते. पण तरंगता धक्का स्वतःच चिखलावर बसत असेल तर बोटही त्याच्या शेजारी बसते, हे सांगणारा विक्रेता मला अजून भेटलेला नाही.

सगळीकडे उतार सारखा नाही. गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास आहे, मुंबईला त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि पुढे खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या घरात. तिथे अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून मोडीत काढायची जहाजे उधाणाच्या भरतीला थेट जमिनीवर चढवतात आणि पाणी गेले की तोडायला घेतात. एकाला जी आपत्ती, तो दुसऱ्याचा धंदा.

पाणी टिकत नसेल तर ते अडवावे, ही युक्तीही जुनी. लोथलला १९५५ पासून एस. आर. राव यांनी उत्खनन केले, तेव्हा विटांनी बांधलेला एक मोठा आयताकृती हौद निघाला. ती भरतीच्या पाण्यावर चालणारी गोदी होती असे राव यांचे मत. काही अभ्यासक तो पाण्याचा तलाव मानतात. आपल्याकडे विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत आंग्र्यांची खडकात कोरलेली गोदी आहे. भरतीला गलबत आत घ्यायचे आणि पाणी ओसरले की कोरड्यावर त्याची डागडुजी करायची. ओहोटी ही अडचण न मानता कामगार म्हणून राबवून घेतलेली. मुंबईत १८८० साली प्रिन्सेस डॉक झाला, १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आपण इंदिरा डॉक म्हणतो. तिथे दरवाजे लावून भरतीचे पाणी आत कोंडून ठेवले, म्हणजे बाहेर ओहोटी असली तरी आतले जहाज तरंगत राहील.

पण दरवाजे लावून पाणी कोंडणे तुमच्या-आमच्या ऐपतीचे नाही. आपल्याला खाडी देईल त्या पाण्यात जागा निवडायची आहे.

बांबू आणि वही

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या घराची गोष्ट सांगतो. गाव आणि नावे मुद्दामच सांगत नाही. आजोबा जुने तांडेल, ऐंशी ओलांडलेले. मुलगा दर्यावर गेला तो परत आला नाही. सून टोपली घेऊन मासळी विकते. नातू सत्तावीस वर्षांचा, आजवर दुसऱ्यांच्या बोटीवर खलाशी. त्याला मोठी बोट घ्यायची होती, पाच-सहा दिवस बाहेर राहता येईल अशी. घर तारण ठेवून कर्ज मिळत होते. बयाणा द्यायच्या आदल्या आठवड्यात त्याने मला बोलावले. ‘‘काका, कागद एकदा नजरेखालून घाला,’’ म्हणाला.

कागद ठीक होते. मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्याने दोन जागा सांगितल्या. एक घराच्या खालची, जिथे आजोबांची होडी आयुष्यभर उभी होती. दुसरी पंचवीस किलोमीटरवरच्या मोठ्या बंदरात. तिथे पाणी खोल. पण बोटीला बोट लावून रांगा, आतल्या रांगेतली बोट बाहेर काढायची तर आधी चार बोटी हलवायच्या. शिवाय मासळी तिथेच लिलावात घालायची, म्हणजे आईची टोपली रिकामी. आईचे म्हणणे सरळ होते, ‘‘बोट डोळ्यांपुढे असली म्हणजे रातीला झोप लागते.’’ ज्या बाईचा नवरा दर्याने ठेवून घेतला, तिच्या या वाक्याला जमा-खर्चाच्या कोणत्या बाजूला लिहायचे हे मला बँकेने शिकवले नव्हते.

मी आजोबांकडे वळलो. ‘‘तांडेल, तुमची होडी इथेच उभी असायची ना?’’

‘‘असायची सायब. पण ती होडी होती. सुकतीला चिखलात बसायची, भरतीला उठायची. म्हशीवानी. आणि तवाची खाडीबी निराळी. आता तितं तिवरं उगवली, बघा ना.’’

आजोबांनी एका वाक्यात जे सांगितले ते सांगायला तज्ज्ञांना अहवाल लागतो. तिवराची, चिपीची कोवळी रोपे जिथे उघड्या चिखलात उगवून टिकू लागतात, तिथला तळ वर आलेला असतो. ती आली की गाळ आणखी धरतात. कांदळवन किनाऱ्याला राखते, त्याला हात लावायचा नाही आणि कायद्यानेही लावता येत नाही. पण बोटवाल्याने त्याची खूण ओळखावी.

मग आम्ही एक काम केले. सरळ बांबू घेतला, त्याला फुटा-फुटावर रंगाचे पट्टे मारले. असे तीन बांबू रोवले : एक घराखाली, एक खाडीच्या वळणावर बाहेरच्या काठाला, आणि एक मुखाजवळ वाळूच्या दांड्यापाशी. नातवाची धाकटी बहीण शाळेत जाणारी. तिने अमावास्येपासून पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रोज सुकतीचा आकडा वहीत लिहिला. दांड्यापाशी नातू होडी घेऊन जाई आणि ओरडून आकडा सांगे. मुलीने प्रत्येक पानावर तिथी, वेळ आणि वारा कुठला तेही लिहिले होते. माझ्या हाताखालच्या काही कारकुनांनी इतक्या स्वच्छ नोंदी ठेवल्या असत्या तर माझे केस उशिरा पांढरे झाले असते.

वहीतून निघाले ते असे. घराखाली अमावास्येच्या सुकतीला साडेतीन फूट पाणी. वळणाच्या बाहेरच्या काठाला साडेपाच. दांड्यावर चार फुटांना थोडे कमी. आणि नातवाच्या मनातल्या बोटीला भरल्यावर लागणार होते साडेपाच फूट.

वळणाची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. खाडी वळते तिथे पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर जातो, तिथला तळ खरवडला जातो आणि खोल राहतो. आतल्या काठाला पाणी मंद होते, तिथे वाळू आणि गाळ बसतो. बघायला आतला काठ बरा वाटतो. शांत, उतरता, पाय न भिजता बोटीत चढता येईल असा. पण शांत पाणी गाळालाही आवडते. बंधाऱ्याच्या आडोशाला, जेटीच्या मागे, ओढा खाडीला मिळतो त्याच्या कोपऱ्यात बोट सुखात राहील असे वाटते, आणि तिथेच दर पावसाळ्यानंतर तळ वर आलेला असतो. वाहते पाणी बोटीला त्रास देते, पण आपली जागा आपणच झाडून ठेवते. दोन्हींमधले काही साधावे लागते.

आणि दांडा. खाडीच्या मुखाशी साचलेली ही वाळू म्हणजे घराचा उंबरठा. आत दिवाणखाना कितीही मोठा असो, उंबरठ्यावरून जाता आले पाहिजे. बोटीच्या जागेला दहा फूट पाणी आणि दांड्यावर चार, तर त्या जागेची खरी खोली चारच. उधाणाच्या सुकतीला मासळी भरलेली बोट बाहेर ताटकळते. आत बर्फ वितळतो, डिझेल जळते, लिलावाची वेळ निघून जाते. शिवाय हा उंबरठा सरकतो. पावसाळ्यातला पूर आणि लाटा त्याला इकडून तिकडे नेतात. मे महिन्यात ज्या वाटेने बोट बाहेर काढली ती वाट ऑगस्टमध्ये असेलच असे नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. त्यानंतर पहिली फेरी जाते ती जुन्या माणसाला पुढे बसवून, त्याच्या हातात दोरी देऊन. ही काही रूढी नव्हे, ती नवी मोजणी असते.

‘पाणी कोण देनार?’

वही बघून नातू गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘गाळ काढून घेतला तर?’’

हा प्रश्न सगळेच विचारतात. गाळ काढता येतो, परवानग्या मिळवाव्या लागतात, आणि पैसे असले तर वळणाच्या आतही दहा फूट करता येते. पण खाडीला तो खड्डा भरायची घाई असते. गाळ काढणे हा एकदाचा खर्च नव्हे, तो हप्ता आहे. आणि त्याची मुदत संपत नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचच्या प्रवाशांना विचारा. रेवसच्या गाळामुळे ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही म्हणून फेऱ्या बंद ठेवण्याची वेळ वर्षानुवर्षे येत गेली. मांडव्याला लाटा अडवायला बंधारा घातला, तिथून मार्च २०२० मध्ये मोटारी नेणारी रो-रो सुरू झाली. पण तिथेही वाट मोकळी ठेवायला गाळ उपसावा लागतो. घारापुरीला लेणी बघायला गेलेल्यांनी लांबलचक जेटीवरून छोट्या गाडीत बसून गंमत केली असेल. ती जेटी इतकी लांब आहे कारण काठाजवळ पाणीच नाही.

म्हणून कोणी पैसे घेऊन बोटीला जागा देत असेल तर त्याला विचारावे : मागचा गाळ कधी काढला, पुढचा कधी काढणार, खर्च कोणाचा, आणि पाणी ठरल्यापेक्षा कमी झाले तर भाडे कमी होणार का? उत्तरे कागदावर घ्यावीत. सर्वांत खालच्या ओहोटीला किती पाणी, हा आकडा करारात असावा. ‘भरपूर’ हा शब्द नसावा. शेजारच्या बोटवाल्याशी चहा प्यावा. रांगेत एकच जागा रिकामी आणि स्वस्त असेल तर ती रिकामी का, हे शेजाऱ्याला माहीत असते. बँकेत आम्ही स्वस्तात मिळणाऱ्या घराचा सात-बारा दोनदा बघत असू.

तळही चाचपावा. मऊ चिखल असेल तर सपाट बुडाची बोट ओहोटीला सुखाने बसते. खाली पठाण असलेली बोट कलंडते, आणि भरती परत येते तेव्हा उठण्याआधी कडेवरून पाणी आत घेण्याचा धोका असतो. चिखलात एकच दगड असला तरी बोट रोज त्याच्यावर बसते. वर्षात सातशेहून जास्त वेळा. आणि बोट लावावी ती तोंड काठाकडे करून. पंखा आणि सुकाणू मागे, सर्वांत खोल. ते खोल पाण्यात राहिले पाहिजेत.

हे सगळे बोलून झाल्यावर नातू वैतागून म्हणाला, ‘‘आबा, बँक मोठ्या बोटीला कर्ज देते, आणि तुम्ही नको म्हणता!’’

‘‘बँक पैसे दील रे,’’ आजोबा म्हणाले, ‘‘पाणी कोण देनार?’’

नातवापुढचा पेच लहान नव्हता. लहान बोट म्हणजे जवळची मासेमारी, कमी मासळी, आणि घराचे तारण सुटायला जास्त वर्षे. मोठी बोट म्हणजे मोठे बंदर, आईपासून दूर, आणि हप्ता चुकला तर घर. चार दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. शेवटी त्याने बांधणाऱ्याला फोन करून लहान बोट सांगितली. भरली असता सव्वातीन फूट पाण्यात चालेल अशी. ती घराखाली ठेवली नाही, वळणाच्या बाहेरच्या काठाला ठेवली. घराच्या ओट्यावरून तिचे फक्त टोक दिसते. आईने तेवढ्यावर समाधान मानले. मोठ्या बोटीची इच्छा त्याने सोडलेली नाही. पुढे दोघा-तिघांनी भागीत घेऊन ती मोठ्या बंदरात ठेवायची असा बेत आहे. तोपर्यंत हप्ते वेळेवर जात आहेत, हे मी बँकवाल्याच्या खोडीने विचारून घेतो.

लोक पाण्यासाठी जागा बदलायचा विचार करतात, बोट बदलायचा करत नाहीत. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीतून मोटार नेलेल्यांनी तिचे बूड बघावे. सपाट, उथळ पाण्यात चालणारे, समोरची फळी उताराच्या रस्त्यावर टाकली की गाड्या खाली. खाडीला बोटीप्रमाणे खणण्यापेक्षा बोट खाडीप्रमाणे बांधलेली. आमच्या लहानपणी मुंबईची आगबोट बंदराबाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून काठाला येत. मोठ्याने मोठ्या पाण्यात राहावे, लहानाने लहान पाण्यात, हा समजूतदारपणा त्यात होता. उतरताना आमचे कपडे भिजत आणि मोठी माणसे ओरडत, तो भाग वेगळा.

शूर्पारक, कल्याण, चौल, राजापूर ही एकेकाळची नामवंत बंदरे. राजापुरात १६४९ साली इंग्रजांनी वखार घातली ती तिथवर पाणी होते म्हणून. पुढे गाळ आला, जहाजे मोठी झाली आणि व्यापार मुखाकडे किंवा मुंबईकडे गेला. एवढ्या पेठांना जे पाणी धरून ठेवता आले नाही, ते आपल्या घराखाली कायम राहील असे धरून चालू नये. डोंगरावरची झाडे तुटली, खाण्या उघडल्या, वरच्या अंगाला रस्ते खणले, की ती माती पावसाळ्यात खाडीत येते. समुद्राची पातळी वाढते आहे म्हणजे खाडीतले पाणीही वाढेल, असे काहीजण म्हणतात. समुद्र इंचांनी चढतो आणि गाळ फुटांनी बसतो.

तेव्हा बोट घेणाऱ्यांनी घाई करू नये. एक बांबू, एक वही, आणि एक पंधरवडा द्यावा. जमल्यास पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. घरातल्या शाळकरी मुलाला लिहायला बसवावे, त्याचा भूगोल पक्का होईल. तक्त्यातला सर्वांत छोटा आकडा शोधून त्या दिवशी संध्याकाळी काठावर जाऊन उभे राहावे. त्या चिखलाकडे बघूनही जागा पसंत पडली, तर खुशाल बयाणा द्यावा.